लाच, मत आणि कलम १०५

मत देण्यासाठी किंवा भाषण करण्यासाठी लाच घेणाऱ्या खासदार-आमदाराला सभागृहाचा विशेषाधिकार वाचवणार नाही, असा निकाल ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने दिला. सामान्य माणसाला यात नवे काहीच वाटणार नाही. पण त्याआधी जवळपास २६ वर्षे देशाचा कायदा नेमका उलटा होता.

या संरक्षणामागचा मूळ हेतू चांगला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजाला विरोध करणारे संसद सदस्य तुरुंगात जात. सर जॉन इलियट १६३२ साली टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत असतानाच वारले. १६८९च्या ‘बिल ऑफ राइट्स’ने सभागृहातले भाषण न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. आपल्या राज्यघटनेतले कलम १०५(२) आणि आमदारांसाठीचे १९४(२) त्याच परंपरेतले. सभागृहात काही बोलल्याबद्दल किंवा मत दिल्याबद्दल सदस्यावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही.

२८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. काँग्रेसकडे स्वबळावर बहुमत नव्हते. झारखंड मुक्ती मोर्चाच्या आणि आणखी काही खासदारांनी पैसे घेऊन सरकार वाचवल्याचा आरोप झाला. सीबीआयने खटला भरला आणि कलम १०५(२)च्या अर्थाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

१७ एप्रिल १९९८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ३ विरुद्ध २ असा निकाल दिला. लाच मताशी निगडित आहे, म्हणून मत देणाऱ्या खासदारावर खटला चालणार नाही, असे बहुमताने ठरवले. लाच देणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाकारले. अजित सिंह यांच्यावरही पैसे घेतल्याचा आरोप होता, पण त्यांनी मतदान केले नव्हते, म्हणून त्यांनाही संरक्षण नाही! म्हणजे पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे मत टाकले तर सुटका, न टाकले तर खटला. निर्भयपणे बोलता यावे म्हणून दिलेल्या हक्काचा असा अर्थ लागावा, ही त्या निकालाची सर्वांत मोठी चूक होती. न्या. एस. सी. अगरवाल आणि न्या. ए. एस. आनंद यांनी भिन्नमत नोंदवून सांगितले होते की, पैसे स्वीकारले त्या क्षणीच गुन्हा पूर्ण होतो. पुढे मत कसे पडले याचा त्याच्याशी संबंध नाही.

पुढे राव यांना विशेष न्यायालयाने २००० मध्ये दोषी ठरवले. २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.

सभागृहांनी स्वतः काही केलेच नाही, असे नाही. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली. पण सदस्यत्व जाणे वेगळे आणि फौजदारी खटला वेगळा.

त्या निकालाच्या फेरविचाराची वेळ पुन्हा झारखंडमधूनच आली. २०१२च्या राज्यसभा निवडणुकीत आमदार सीता सोरेन यांनी एका अपक्ष उमेदवाराकडून पैसे घेतले, पण मत स्वतःच्या पक्षाच्या उमेदवाराला दिले, असा आरोप होता. लाच देणाऱ्याला मत दिलेच नाही, त्यामुळे १९९८च्या निकालाचे संरक्षण मिळणार नाही, असे झारखंड उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने मग तो जुना निकालच रद्द केला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात अगरवाल-आनंद यांचे म्हणणे स्वीकारले गेले. विशेषाधिकार सांगायचा तर त्या कृतीचा सभागृहाच्या सामूहिक कामकाजाशी संबंध हवा आणि सदस्याच्या कर्तव्यासाठी ती आवश्यक हवी, अशी कसोटी पीठाने घातली. राज्यसभा निवडणुकीतले आमदारांचे मतदानही विशेषाधिकाराच्या कक्षेत येते, हे पीठाने मान्य केले. सोरेन यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हा प्रश्न पीठापुढे नव्हता.