पार्श्वभूमी : मुशीतले पोलाद आणि त्यावरच्या नक्षीचा वाद

शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते. भात्यावर चालणाऱ्या जुन्या भट्ट्यांना तेवढी उष्णता गाठता येत नसे, म्हणून त्यांतून निघे तो मळीने भरलेला सच्छिद्र गोळा. तो तापवून, ठोकून मळी काढायची. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडला सापडलेली महापाषाणकालीन भट्टी याच परंपरेतली.

दक्षिण भारताने यापुढे मजल मारली ती मुशीच्या जोरावर. लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि हिरवी पाने मातीच्या मुशीत घालून तिचे तोंड लिंपत. कार्बन लोखंडात मुरला की वितळणबिंदू उतरतो आणि सगळे पातळ होते. सुमारे दीड टक्का कार्बन असलेले हे पोलाद मुशीतच सावकाश निवू देत. तेलंगणातील कोनासमुद्रम येथे दोन ठिकाणचे लोखंड मिसळत आणि इराणी व्यापारी माल घ्यायला तिथवर येत, अशी १९व्या शतकातली नोंद आहे. नाव मात्र झाले सीरियातल्या दमास्कस शहराचे : या पोलादाला ‘दमास्कस पोलाद’ म्हणू लागले.

या पोलादाच्या तलवारींवर लाटांसारखी नक्षी उमटते. ती कशाने, यावर दोनशे वर्षे वाद चालू आहे. १७९०च्या दशकात नमुने लंडनला पोहोचले. तिथल्या एका नामवंत शास्त्रज्ञाने श्रेय अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकाला दिले. पॅरिसच्या प्रयोगांनी १८२०च्या दशकात कार्बनकडे बोट दाखवले, आणि तेच बरोबर निघाले. पांढरे दिसतात ते लोह-कार्बाइडचे, म्हणजे लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगाचे कण. पण ते ओळीने का बसतात? १९९०च्या दशकात अमेरिकेतील एका धातुशास्त्रज्ञाने व एका लोहाराने मिळून अशी पाती पुन्हा घडवली, तेव्हा उत्तर सापडले. खनिजातून येणारे व्हॅनेडियम हे धातूतत्त्व, तेही टक्क्याच्या काही सहस्रांशाइतके, पोलाद गोठताना ठरावीक पट्ट्यांत साचते. पाते बेताच्या आचेवर पुन्हा पुन्हा तापवून ठोकले की कार्बाइड त्याच पट्ट्यांत वाढते. आच जास्त झाली तर नक्षी पुसली जाते, शिवाय पाते घणाखाली फुटते. युरोपातले लोहार इथेच फसले.

२००६ साली जर्मनीतील संशोधकांनी १७व्या शतकातील एका तलवारीचा नमुना आम्लात विरघळवला. त्यात कार्बनच्या नॅनोनळ्या, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, दिसल्याचे त्यांनी जाहीर केले आणि जगभर मथळे झाले. आजही बहुतेक लेख तिथूनच सुरू होतात. पण नुसत्या डोळ्यांना दिसणारी नक्षी या नळ्यांवरून उलगडत नाही. व्हॅनेडियमवरून ती उलगडते, आणि एखाद्या खाणीचे खनिज बदलताच चांगले लोहारही हतबल का झाले असतील, तेही कळते.