फाउंड्रीतला धूर: कर्करोगाचा धोका मोजतात कसा?

कुपवाड-मिरजेकडच्या फाउंड्रीत साच्यात लोखंडाचा रस ओतला, की वाळूतली कोळशाची भुकटी आणि कोअरमधलं (पोकळ भागासाठी साच्यात बसवलेला वाळूचा ठोकळा) रेझिन, म्हणजे वाळू चिकटवणारा डिंक, अर्धवट जळतं. त्यातून बेंझिन, फॉर्मल्डिहाइड, बेंझो-ए-पायरीन आणि त्याच्या कुळातली कितीतरी संयुगं बाहेर पडतात. नॉकआउटला साचा फोडला की वर सिलिकाची बारीक धूळ. लोखंड-पोलादाचं ओतकाम आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) पहिल्या गटात ठेवलंय, म्हणजे माणसाला त्यातून कर्करोग होतो हे सिद्ध आहे. पण गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती ते नाही. तो मोजावाच लागतो.

मोजायचं ते कामगाराच्या नाकाजवळ. शेडच्या कोपऱ्यात ठेवलेलं यंत्र इथे कामाचं नाही. कमरेला छोटा पंप, कॉलरला 37 मिलिमीटरचा टेफ्लॉन फिल्टर आणि त्यामागे एक्सएडी-2 (वाफ शोषून धरणारे दाणे) भरलेली नळी. खर्च वाचवायला नळी गाळू नये: नॅप्थलीनसारखी हलकी संयुगं वाफ होऊन फिल्टरमधून सरळ निघून जातात. मिनिटाला 2 लिटर हवा, 8 तासांची पाळी, म्हणजे 960 लिटर. पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर तपासायचा. नमुना लगेच फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवायचा, कारण ही संयुगं उजेडात आणि उष्णतेत मोडतात. इथे हयगय झाली तर अहवाल खोटाच दिलासा देतो.

आता हिशेब. समजा, पाळीभराची सरासरी घनमीटरला 10 नॅनोग्रॅम बेंझो-ए-पायरीन आली. दिवसाचे 8 तास, वर्षाचे 300 दिवस, 70 वर्षांच्या आयुष्यात 30 वर्षं काम. हे सगळं आयुष्यभरावर पसरलं तर सरासरी साधारण 1.2 नॅनोग्रॅम पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या गुणकाने (आयुष्यभराच्या सरासरीत दर नॅनोग्रॅममागे लाखात 8.7 जणांना कर्करोग) धोका दहा हजारांत एक निघतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा 2017 चा गुणक लावला, तर एक कोटीत सात!

आकडा एकच, उत्तरांत जवळपास दीडशे पटींचा फरक. पहिला गुणक कोक भट्टीवरच्या कामगारांवरून काढलाय. त्यांनी अख्खा धूर ओढला होता आणि बेंझो-ए-पायरीन ही त्या धुराची फक्त खूण होती. दुसरा निव्वळ बेंझो-ए-पायरीन हुंगवलेल्या हॅमस्टरवरून आलाय. फाउंड्रीतला माणूस मिश्रणच ओढतो, त्यामुळे आमच्या मते इथे पहिलाच गुणक धरावा. दुसरा धरायचा तर उरलेलं प्रत्येक संयुग वेगळं मोजून बेरीज करावी लागते, आणि त्यातही न मोजलेली संयुगं निसटतात. सिलिका आणि बेंझिनचा हिशेब तर दोन्ही वाटांनी वेगळाच करायचा.

तोंडाला बांधलेल्या रुमालाने यातलं फारसं काही कमी होत नाही. बेंझिनची वाफ साध्या धुळीच्या मास्कमधूनही आत जाते. धूर निघतो तिथेच, पोअरिंग (रस ओतणं) आणि नॉकआउटवर, ओढून घेणारा हूड बसवावा. मग त्याच कामावर, तसंच कास्टिंग चालू असताना, पुन्हा पंप लावून आकडा किती उतरला ते पाहावं.