महासाथीतील वांशिक आरोग्य विषमता

महासाथीत एकाच देशातल्या निरनिराळ्या वांशिक गटांना लागण, गंभीर आजार आणि मृत्यू यांचा फटका सारखा बसत नाही. हा फरक केवळ वयामुळे किंवा योगायोगाने पडलेला नसून काम, घर, उपचारांची सोय आणि शासनाचे निर्णय यांतून पडलेला असेल, तर त्याला वांशिक आरोग्य विषमता म्हणतात. कोविड-१९ च्या काळात ही संज्ञा सर्वतोमुखी झाली, पण प्रकार जुना आहे.

त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सापडतो. पॅसिफिक महासागरातील पश्चिम सामोआ हा बेटांचा देश तेव्हा न्यू झीलंडच्या ताब्यात होता. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेले ‘तालुने’ जहाज आपिया बंदराला लागले. जहाजावर तापाने फणफणलेले लोक होते, तरी उतारूंना अडवले गेले नाही. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक, दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी जहाजांवर कडक निर्बंध घातले आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही. दोन्हीकडे वंश एक, भाषा एक, नातीगोतीही एकमेकांत. वेगळा होता तो कारभार. २००२ मध्ये न्यू झीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी या प्रकाराबद्दल सामोआची जाहीर माफी मागितली. त्याच साथीत खुद्द न्यू झीलंडमध्ये तिथल्या मूलनिवासी माओरींचा मृत्युदर युरोपीय वंशाच्या लोकांच्या सुमारे सातपट होता. मुंबईत तथाकथित खालच्या जातींमध्ये हजारी ६१.६ मृत्यू नोंदले गेले, तर युरोपीयांमध्ये ८.३. जात म्हणजे वंश नव्हे, पण दरी पडण्याची रीत तीच.

कोविडच्या पहिल्या लाटेत एप्रिल २०२० मध्ये शिकागो शहराचे आकडे बाहेर आले. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे ३० टक्के, मृतांमध्ये सुमारे ७० टक्के. मे महिन्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने दाखवले, की इंग्लंड आणि वेल्समध्ये वयाचा फरक वजा करूनही कृष्णवर्णीय पुरुषांना मृत्यूचा धोका गोऱ्या पुरुषांच्या ४.२ पट होता, स्त्रियांमध्ये ४.३ पट. वस्ती, आर्थिक स्थिती, आधीचे प्रकृतिमान यांचाही हिशोब केल्यावर तो सुमारे १.९ पटींवर आला. यावरून ‘खरी’ वांशिक विषमता तेवढीच, असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. दाटीच्या, गरीब वस्तीत राहावे लागणे हा वंशभेदाचाच एक परिणाम असतो; तो वजा केला की प्रश्नाचा मोठा तुकडाच हिशोबातून निसटतो.

वयाचा हिशोब मात्र अपरिहार्य आहे. कोविडने प्रामुख्याने वृद्ध दगावले, आणि स्थलांतरितांचे किंवा अल्पसंख्य गट बहुधा बहुसंख्यांपेक्षा तरुण असतात. त्यामुळे नुसते लाखामागचे मृत्यू मोजले तर दरी प्रत्यक्षाहून लहान दिसते. अमेरिकेतील लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) समाजाबाबत नेमके हेच घडले. एकूण हानी समजायला सरासरी आयुर्मान पाहावे. २०१९ ते २०२१ या काळात अमेरिकेत गोऱ्यांचे आयुर्मान ७८.८ वरून ७६.४ वर्षांवर आले, मूलनिवासींचे ७१.८ वरून ६५.२ वर. म्हणजे साडेसहा वर्षे गेली, तीही ज्यांच्या वाट्याला आधीच कमी होती त्यांची.

दरीची सुरुवात लागणीपासून होते. बसचालक, सफाई कामगार, वृद्धाश्रमातील सेविका, मांसप्रक्रिया कारखान्यातील मजूर यांना घरून काम करता येत नव्हते, आणि अनेक देशांत ही कामे ठरावीक वांशिक गटांकडेच असतात. आजारी असूनही कामावर जाणारा माणूस बेफिकीर नसतो. खाडा केला की त्याची मजुरी बुडते. सिंगापूरमध्ये स्थलांतरित मजुरांच्या वसतिगृहांत सुमारे ३ लाख २० हजार लोक राहत. एका खोलीत अनेक खाटा, सामाईक न्हाणीघरे. २०२० च्या अखेरीस त्यांतील जवळपास निम्म्यांना लागण होऊन गेल्याचे आढळले. हे मजूर तरुण असल्याने मृत्यू फार थोडे झाले, म्हणून नुसत्या मृत्यूंच्या तक्त्यात ही विषमता दिसतही नाही.

उपचारांच्या टप्प्यावरचे एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश कातडीतून आरपार पाठवून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज घेतो. गडद त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य यातला काही प्रकाश शोषून घेते आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी रुग्णांची यंत्रावरची आणि धमनीतील रक्ताची मोजमापे ताडून पाहिली. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये जवळपास १२ टक्के, तर गोऱ्यांमध्ये ४ टक्क्यांहून कमी निघाले. रुग्णाला दाखल करायचे की घरी पाठवायचे, हे ज्या काळात याच आकड्यावर ठरत होते, त्या काळातली ही गोष्ट. असा दोष १९९० सालीच शोधनिबंधात नोंदला गेला होता. तीस वर्षे त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही, ही या प्रकरणातली सर्वांत दुखरी बाब.

जनुकांकडे बोट दाखवणारे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण ते फार पुरे पडत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एलझेडटीएफएल१ या जनुकाशी निगडित, कोविड गंभीर होण्याचा धोका सुमारे दुप्पट करणारा एक जनुकीय भेद शोधला. तो दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ६० टक्के लोकांत आढळतो, युरोपीयांत १५ टक्के. दक्षिण आशियाईंच्या जादा मृत्यूंचा काही भाग त्याने उलगडेलही. पण आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या लोकांत तो जेमतेम २ टक्के आहे आणि ब्रिटनमध्ये त्यांचे मृत्यूही भरमसाट झाले.

ही दरी मोजायची तर वंशाची नोंद हवी, आणि ती सगळीकडे होत नाही. फ्रान्समध्ये अशा नोंदींवर कायद्याने कडक बंधने आहेत. तिथल्या सांख्यिकी संस्थेने जन्मदेशाचा आधार घेतला. मार्च-एप्रिल २०२० मध्ये आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा फ्रान्समध्ये जन्मलेल्यांचे मृत्यू २२ टक्क्यांनी वाढले, सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मलेल्यांचे ११४ टक्क्यांनी. स्थलांतरितांची फ्रान्समध्येच जन्मलेली मुले मात्र या आकड्यांत वेगळी दिसत नाहीत.

नवाहो राष्ट्राचा, म्हणजे अमेरिकेतील नवाहो या मूलनिवासी जमातीच्या स्वशासित प्रदेशाचा, अनुभव हानी आणि लसीकरण या दोन्ही अंगांनी बोलका आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा राज्यांत पसरलेल्या सुमारे ७०,००० चौ. किमी. प्रदेशात मोठी किराणा दुकाने जेमतेम डझनभर आणि जवळपास एक तृतीयांश घरांना नळाचे पाणी नाही. वारंवार हात धुण्याचा सल्ला पिंपे भरून पाणी वाहून आणणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचला, तेव्हा त्याला फारसा अर्थ उरला नव्हता. मे २०२० मध्ये इथले लागणीचे प्रमाण न्यूयॉर्क राज्याच्याही पुढे गेले. करारांनुसार मूलनिवासींच्या आरोग्याची जबाबदारी संघराज्य सरकारची आहे, पण त्यासाठीच्या सेवेवर माणशी होणारा खर्च इतर सरकारी आरोग्य योजनांपेक्षा कितीतरी कमी असतो.

लसीबाबत शंका होत्याच, आणि त्या अडाणीपणातून आलेल्या नव्हत्या. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये टस्किगी इथल्या प्रयोगाची आठवण ताजी आहे: १९३२ ते १९७२ पर्यंत उपदंशाचे ३९९ कृष्णवर्णीय रुग्ण उपचारांविना नुसते निरीक्षणाखाली ठेवले गेले. तरीही नवाहोंनी २०२१ च्या सुरुवातीला लसीकरणात आसपासच्या राज्यांना मागे टाकले. मोहिमेची सूत्रे समाजाच्या हाती होती, माहिती त्यांच्या भाषेत मिळत होती आणि आरोग्यसेवक ओळखीचे होते. डकोटा प्रदेशातील स्टँडिंग रॉक सू जमातीने तर लस देताना डकोटा आणि लकोटा भाषा बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना प्राधान्य दिले.