जहांगीर कलादालनात प्रदर्शनाची तारीख हवी असेल तर: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

"आधी पंचवीस चित्रं पूर्ण करतो, मग जहांगीरला अर्ज टाकतो," असं सांगणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यांना माझं सांगणं एकच असतं: उलटं करा. चांगली आठ-दहा चित्रं हातात आली की अर्ज करून टाका. निवड झाली तरी तारीख लागायला काही वर्षं जातात. उरलेली चित्रं त्या काळात होतात, आणि बहुतेकदा आधीच्यांपेक्षा चांगली होतात.

ही रांग एवढी लांब का, तेही समजून घ्या. मुंबईत काळा घोड्याजवळचं जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झालं. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला, सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली. शहराच्या ऐन मध्यावर कलावंताला त्याच्या नावानं आठवडाभर भिंत मिळावी आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही तिकिटाशिवाय आत येऊन चित्रं पाहता यावीत, ही सोय आजही टिकून आहे. म्हणून नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या आणि राज्याबाहेरच्याही चित्रकारांना इथलीच तारीख हवी असते.

एक घोटाळा आधीच दूर करू. समोरच्या बाजूला सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. नावातल्या सारखेपणामुळे काहीजण तिथं दालनाची चौकशी करतात. ते केंद्र सरकारचं संग्रहालय आहे, तिथली प्रदर्शनं संग्रहालयच ठरवतं. भाड्यानं दालन मागायचं ते जहांगीर कलादालनाकडे.

पात्रतेबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज पदविकेचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा शिक्का नसेल तर फॉर्म भरू नये, असं कितीतरी जणांना वाटतं. स्वतःच्या जिद्दीनं शिकलेल्या चित्रकारांची प्रदर्शनं इथं झालेली आहेत. निवड समिती काम बघते. एकट्याचं प्रदर्शन करता येतं, तसंच गटाचंही. गट असेल तर प्रत्येकाचं काम आणि माहिती वेगवेगळी जोडा आणि पत्रव्यवहारासाठी एकाचंच नाव द्या. तारीख लागेपर्यंत गटातली माणसं बदलतात, तेव्हा हे नाव फार विचारानं ठरवा. दालनंही आधी पायांनी फिरून बघा. तळमजल्यावरची वेगळी, वरच्या मजल्यावरचं हिरजी जहांगीर दालन वेगळं, आणि छायाचित्रांसाठी टेरेस गॅलरी. चित्रांचा आकार आणि दालन जुळलं पाहिजे.

फॉर्म, नियम आणि सध्याचं भाडं कलादालनाच्या कार्यालयातून ताजं घ्या, मित्राच्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. सोबत अलीकडच्या कामांचे फोटो, त्यांची यादी आणि एक पानाचा परिचय तयार ठेवा. आधीच्या प्रदर्शनांची माहितीपत्रकं, ओळखीचा पुरावा आणि स्वतःचा फोटोही एका फाइलमध्ये असू द्या.

यातला जीव फोटोंमध्ये आहे. समितीसमोर तुमचं चित्र नसतं, त्याचा फोटो असतो. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेल्या फोटोत निळा हिरवट होतो, काचेवर पंखा दिसतो, कडा तिरक्या येतात. काच काढा. सकाळी नऊच्या सुमारास, ऊन थेट पडत नाही अशा घराच्या गॅलरीत किंवा अंगणात चित्र उभं करा आणि कॅमेरा बरोबर मध्यावर धरा. फोटोखाली शीर्षक, माध्यम, आकार, साल लिहा. आकार लिहिताना आधी उंची, मग रुंदी. सगळ्या शैलींचे नमुने पाठवायचा मोह टाळा. एक निसर्गचित्र, एक व्यक्तिचित्र, एक अमूर्त असं मिसळलं की समितीला चित्रकार दिसत नाही, रंगकामाचं दुकान दिसतं. यंदा नाही जमलं तर नव्या कामांसह पुन्हा अर्ज करा, त्यात कमीपणा काहीच नाही.

एका कागदाकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र केलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्याचा पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा असतो. असं चित्र लावण्याआधी त्यांची दोन ओळींची लेखी परवानगी घ्या. याउलट तुम्ही मनानं काढलेलं चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट आपोआप गिऱ्हाइकाकडे जात नाही.

नुकतंच शिक्षण संपलेल्यांनी जहांगीरच्या ‘मान्सून शो’ या प्रदर्शनासाठी कॉलेजच्या सूचनाफलकावर डोळा ठेवावा, तो अशा मुलांसाठीच असतो. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात, तिथंही प्रवेशिका जरूर पाठवा. मधल्या वर्षांत भिंतीची सवय हवी, त्यासाठी पुण्यात बालगंधर्व आणि घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन आहे, कोल्हापुरात शाहू स्मारक, ठाण्यात कापूरबावडीचं कलाभवन. अर्ज, भाडं, अनामत रक्कम असा सरळ व्यवहार असतो.

माझं पहिलं प्रदर्शन अशाच एका दालनात झालं. मी भिंत मोजली होती, पण चित्रं मोजली ती फ्रेमशिवाय. तीन-तीन इंचांची फ्रेम दोन्ही बाजूंना वाढली आणि शेवटची दोन चित्रं जिन्याखाली ठेवावी लागली. त्यातलं एक आईचं होतं. ती उद्घाटनाला आली तेव्हा तेच शोधत होती.

तेव्हापासून हिशेब कागदावर करतो. भिंत ४० फूट आणि फ्रेमसह चित्र ३ फूट रुंद धरा, दोन चित्रांमध्ये दीड फूट मोकळं. नऊ चित्रांना ३९ फूट लागतात, म्हणजे टोकांना अर्धा-अर्धा फूटच उरतो. आठ लावा, भिंत श्वास घेते. चित्राचा मध्य जमिनीपासून ५ फुटांच्या आसपास ठेवा.

जहांगीरचा आठवडा मंगळवार ते सोमवार, वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७. आदलं प्रदर्शन उतरल्यावर आपलं लावायला मोजकेच तास मिळतात, त्यामुळे तारा, हूक, लेबलं, पातळी बघायची बाटली घरूनच घेऊन जा. किंमतीच्या यादीच्या दोन प्रती काढा. चित्र विकलं गेलं की लेबलावर लाल टिकली लावतात. टिकली लावण्याआधी ग्राहकाचं नाव, आगाऊ रक्कम आणि चित्र कधी न्यायचं ते पावतीवर लिहून सही घ्या. सोमवारी संध्याकाळी ती पावती बघूनच चित्र भिंतीवरून उतरवा.