'सध्या काय करतोस?' याच्या आधीचा प्रश्न

फादरांच्या शाळेतली जुनी मुलं पन्नाशी-साठीत जमली की आयुष्याचा जमाखर्च निघतोच. बडोद्यात त्याची वाट बहुधा ठरलेली: एम.एस. विद्यापीठातून डिग्री, मग रिफायनरी, जी.एस.एफ.सी.चा खत कारखाना नाहीतर अलेम्बिक औषध कंपनी, मुलं परदेशी, दांडिया बाजारातलं घर ठेवलं की विकलं. एवढं सांगून झालं की गप्पा बी.पी.च्या गोळ्यांवर येतात. हे फादर जेसुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या 'येशू संघा'चे; त्यांच्या शाळांच्या परंपरेत मात्र या हिशेबाची पद्धत चांगली तपशीलवार घालून दिलेली आहे.

ती संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491–1556) याची. रात्री दिवस तपासायचा, पाच पायऱ्यांनी: आधी मिळालं त्याबद्दल आभार, मग नीट दिसावं म्हणून प्रार्थना, मग उठल्यापासून तासातासाने दिवसाची उजळणी, मग क्षमा, शेवटी उद्याचा संकल्प. एखादी खोड मोडायची तर वेगळी वही. रोज दोन रेघा, एक दुपारच्या जेवणानंतरची, दुसरी रात्रीच्या. जितक्यांदा चुकलो तितके ठिपके. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी. लोक चुकतात ते पहिली पायरी गाळून. मग तपासणीची नुसती कटकट होते.

या संघाची मुलांसाठीची शाळा 1548 मध्ये सिसिलीत मेसिनाला निघाली, अभ्यासक्रमाची नियमावली 1599 मध्ये पक्की झाली. आपल्याकडे मुंबई मिशन जर्मन जेसुइटांकडे होतं, गुजरातही त्यातच. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मनांना घालवलं आणि पुढे 1922 पासून स्पॅनिश फादर आले. गुजरातीत लिहिणारे फादर वालेस (1925–2020) स्पेनचेच. बडोद्यातल्या मराठी घरांना शाळेचं महत्त्व मिशनऱ्यांनी पटवायची गरज नव्हती; सयाजीरावांनी 1906 मध्येच संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. हवी होती ती इंग्रजी, आणि शिस्त. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला जात, बाकीच्यांना मॉरल सायन्स, म्हणजे नीतिशिक्षण. तो तास कुणी फारसा मनावर घेत नसे, हे कबूल करायला हवं.

शाळेने आपल्याला कशासाठी घडवलं, या प्रश्नाला धार आली ती 31 जुलै 1973 रोजी, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात. संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरूपे युरोपातल्या माजी विद्यार्थ्यांसमोर बोलत होते. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा हा माणूस शहराच्या कडेलाच होता आणि नंतर त्याने मठातच जखमींवर उपचार केले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असं त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही. शाळेतून बाहेर पडणारा माणूस इतरांसाठी जगणारा हवा, हे सूत्र तिथलं. बड्या घरच्या बऱ्याच माजी विद्यार्थ्यांना ते झोंबलं. तेव्हापासून जेसुइट शाळांत माजी विद्यार्थ्यांचा हिशेब पदाने लावायचा की आपल्यामुळे कुणाचं काय झालं यावरून, हा वाद चालूच आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी प्रश्नावली काढणाऱ्यांनी म्हणून 'हुद्दा' हा रकाना सर्वांत खाली ठेवावा. वर असला की लोक तोच भरतात आणि उरलेलं कोरं सोडतात. 'शाळेत शिकलेलं काय सोडून द्यावं लागलं?' या प्रश्नाला उत्तरं लांब येतात.

नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून करू नये. तिथे परीक्षा पास होऊन पुढे गेलेलेच असतात. सत्तरच्या दशकात अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावी आली, त्यामुळे त्या सुमाराच्या मुलांत 'अमुक सालची बॅच' म्हणजे कोण यावरही घोळ होतो. पास झाल्याचं साल न धरता दाखल झाल्याचं साल धरावं आणि शाळेच्या परवानगीने जनरल रजिस्टर (जी.आर.) बघावं. जी.आर. नंबरासमोर प्रवेशाची तारीख असते, शाळा सोडल्याची तारीख असते आणि कारणही. आठवीत, नववीत गळालेली नावं तिथेच सापडतात.