दलदलीवर तरंगलेले रूळ

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा विषय निघाला की सगळं कौतुक 'रॉकेट' इंजिनाच्या वाट्याला येतं. १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिलला झालेली इंजिनांची चुरस, ५०० पौंडांचं बक्षीस... किस्सा रंगतदार आहेच. पण इंजिन धावायला आधी रूळ हवेत, आणि त्यांच्या वाटेत चॅट मॉस नावाची दलदल आडवी आली होती. मला विचाराल तर या रेल्वेतली खरी करामत तिथेच झाली.

मँचेस्टरच्या पश्चिमेला पसरलेली ही सुमारे ३० चौरस किलोमीटरची दलदल. शेवाळ उगवायचं, मरायचं, पाण्याखाली हवा नसल्याने पुरतं कुजायचं नाही. हजारो वर्षं असे थरावर थर साचून जो लगदा तयार झाला त्याला पीट म्हणतात. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी! लोखंडी कांब उभी धरली तर स्वतःच्याच वजनाने आत जायची. कामावरचा इंजिनिअर जॉन डिक्सन पाहणीला आला आणि पहिल्याच दिवशी फळीवरून घसरून गुडघ्यापर्यंत रुतला. मजूर मग पायांना फळ्या बांधूनच वावरू लागले.

१८२५ मध्ये या रेल्वेच्या मंजुरीचं विधेयक तपासणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे फ्रान्सिस जाइल्स या इंजिनिअरने साक्ष दिली, की डोकं ठिकाणावर असलेला कुणीही यातून रेल्वे नेणार नाही. नेलीच तर २,७०,००० पौंड लागतील. ते विधेयक बारगळलं. त्याला या मार्गाची आखणी करणारा इंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सन याच्या मोजणीतल्या चुकाही कारण होत्या. पुढच्या वर्षी मंजुरी मिळाली आणि काम पुन्हा स्टीफन्सनकडेच आलं.

आधी पाणी काढायचं म्हणून चर खणले, तर बाजूचा लगदा सरकून ते भरून जात. काही ठिकाणी डांबराची रिकामी पिंपं, दोन्हीकडची झाकणं काढून, एकापुढे एक जोडली आणि त्यांचाच नळ केला.

प्रश्न वजनाचा नव्हता, दाबाचा होता. तेच वजन मोठ्या क्षेत्रावर पसरलं की दाब उतरतो. मजुरांच्या पायांतल्या फळ्या हेच करत होत्या. दगडमातीचा भराव पीटपेक्षा जड, म्हणून तो बुडणार आणि लगद्याला बाजूला ढकलणार. स्टीफन्सनने मग तळ शोधायचा नादच सोडला. झाडांच्या फांद्या आणि हेदर नावाच्या झुडपांच्या विणलेल्या तट्ट्या दलदलीवर अंथरल्या, त्यावर खडी, त्यावर रूळ. हा रुंद, हलका तराफा गाडीचा भार दूरवर वाटून देतो. शिवाय दाबाखाली पीटमधलं पाणी हळूहळू निघून जातं आणि ते घट्ट होत जातं.

पूर्वेच्या कडेला मात्र भराव घालावाच लागला. तिथे आठवडेच्या आठवडे माल ओतला, तरी तो गडप! काम सोडावं का, यावर संचालकांची बैठकही झाली. स्टीफन्सन हटला नाही. तिथे त्याने वाळवलेलं पीटच भरावाला वापरलं. जड मातीपेक्षा ते कितीतरी हलकं.

१ जानेवारी १८३० ला 'रॉकेट' गाडी ओढत चॅट मॉस पार करून गेलं. या टप्प्याचा खर्च आला सुमारे २८,००० पौंड, म्हणजे जाइल्सच्या अंदाजाच्या जेमतेम दशांश. त्याच मार्गावरून आज विजेच्या गाड्या जातात.