मॉक ड्राफ्ट वेगळा, संघाचा बोर्ड वेगळा

एप्रिल जवळ आला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, चाहत्यांमध्ये मॉक ड्राफ्टचे पीक येते. ड्राफ्ट म्हणजे संघांनी आळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडून घेणे; मॉक ड्राफ्ट म्हणजे त्याचा आधीच मांडलेला अंदाज. आणि ड्राफ्टच्या रात्री एखाद्या संघाने अनपेक्षित नाव पुकारले की ‘याच्याहून वरचा खेळाडू बोर्डावर शिल्लक होता’ अशी ओरड सुरू होते. ज्या बोर्डाचा, म्हणजे खेळाडूंच्या क्रमवारीचा, हवाला दिला जातो तो बहुधा वार्ताहरांचा असतो, त्या संघाचा नसतो.

मॉक ड्राफ्ट हे निव्वळ भाकीत आहे. ३२ संघ, सात फेऱ्या आणि अडीचशेहून थोड्या जास्त निवडी यांत कोण कोणाला कधी घेईल, एवढाच त्याचा विषय. ते खरे ठरण्यासाठी खेळाडू चांगला असावाच लागतो असे नाही; कोणत्या तरी संघाला तो चांगला वाटला तरी पुरे.

संघाचा बोर्ड तयार होतो तो नावे कमी करत करत. हंगाम चालू असतानाच संघाचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, आपापल्या भागातील महाविद्यालये पालथी घालतात आणि शेकडो खेळाडूंचे अहवाल लिहितात. हिवाळ्यात बैठकांमधून ती संख्या छाटली जाते. मग इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, तीनशेच्या आसपास खेळाडू एकत्र येतात. टीव्हीवर तिथली चाळीस यार्डांची धाव गाजते, पण संघांच्या दृष्टीने तिथली वैद्यकीय तपासणी अधिक मोलाची असते, कारण डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल किंवा मानेबद्दल नकार दिला की कितीही नावाजलेल्या खेळाडूच्या नावाची पट्टी संघाच्या भिंतीवरच्या बोर्डावरून उतरते. मैदानाबाहेरच्या वर्तनामुळे काही नावे जातात, तर काही केवळ आपल्या प्रशिक्षकांच्या रचनेत बसत नाहीत म्हणून. अखेरीस अनेक संघांच्या भिंतीवर शे-दोनशेच पट्ट्या उरतात: उभ्या रकान्यात खेळण्याची जागा, आडव्या ओळीत श्रेणी. भिंतीवर नसलेला खेळाडू दुसऱ्या कोणी पहिल्याच फेरीत घेतला, तरी त्या संघाला त्याची चुटपुट लागत नाही.

या छाटणीला शिस्त लावण्यात एका भारतीयाचा वाटा होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९६०च्या दशकात डॅलस काउबॉईज या संघाने संगणकाच्या मदतीने खेळाडू निवडण्याचे ठरवले, तेव्हा ते काम भारतातून अमेरिकेत गेलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांच्याकडे आले. त्यांना क्रिकेट कळत होते, अमेरिकन फुटबॉल फारसे नाही. स्काउटांच्या बोलण्यातून निघालेल्या शेकडो निकषांतून त्यांनी पाच गुण उरवले: चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, झुंजार वृत्ती, बुद्धीची तत्परता आणि ताकद. माझ्या मते त्यांचे ते अज्ञानच उपयोगी पडले असावे. जाणकाराला इतके निकष टाकून देणे जिवावर आले असते.

दोन्ही याद्यांमधील फरक २०१३ साली याच काउबॉईजनी दाखवून दिला. १८व्या क्रमांकावर त्यांची पाळी आली तेव्हा बचावपटू शरीफ फ्लॉइड शिल्लक होता, पण त्यांनी ती निवड सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला देऊन ३१वी आणि ७४वी निवड घेतली आणि ३१व्या क्रमांकावर ट्रॅव्हिस फ्रेडरिक हा सेंटर (आक्रमक फळीच्या मध्यभागी खेळणारा) उचलला. बहुतेक मॉक ड्राफ्टमध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत होता, त्यात त्याची धावही संथ, त्यामुळे निवडीची यथेच्छ टिंगल झाली. नंतर प्रसिद्ध झालेल्या काउबॉईजच्या निवड-खोलीतील दृश्यांत मागची भिंत दिसली आणि चाहत्यांनी त्यावरची नावे लावून पाहिली, तेव्हा फ्रेडरिक पहिल्या पंचवीसांत निघाला. मात्र फ्लॉइड पहिल्या पाचांत होता! संघाचे म्हणणे असे, की प्रशिक्षकांच्या लेखी तो एकाच जागेवर खेळू शकणारा होता. मग त्याची पट्टी इतकी वर राहिलीच कशी? मला चूक दिसते ती इथे: स्काउटांनी दिलेली श्रेणी प्रशिक्षकांच्या चाळणीतून गेलीच नव्हती.

अर्थात संघही आपल्यापुरता मॉक ड्राफ्ट करतातच, कारण खेळाडू हवा की नको हे बोर्डावरून कळले, तरी तो आणखी किती वेळ हाती राहील हे इतरांच्या मनाचा अंदाज घेतल्याशिवाय कळत नाही. फ्रेडरिक तेरा जागा खाली सरकूनही मिळाला आणि पुढे पाच वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. वरकड मिळालेल्या ७४व्या निवडीवर काउबॉईजनी टेरन्स विल्यम्स हा रिसीव्हर (चेंडू झेलणारा खेळाडू) घेतला.